फाटकातून आत येऊन वळणाऱ्या गाड्या

पुण्यातल्या बंगल्यांच्या बंद गल्लीत शेवटच्या घराचं फाटक उघडं दिसलं, की वाट चुकलेली गाडी सरळ आत शिरते आणि वळून निघून जाते. काम अर्ध्या मिनिटाचं. पण टेम्पोचं मागचं चाक रोज त्याच कोपऱ्यावरून गेलं, की पेव्हर ब्लॉक खचतात, गटाराचं झाकण तडकतं. शिवाय तिथंच पोरं खेळत असतात आणि गाडी मागे घेणाऱ्याला ती दिसत नाहीत. खरी भीती हीच.

पोलिसांत जाऊन फारसं साधत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा ठरायला अपराध करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. वाट चुकलेल्याच्या मनात तो नसतो.

शेजाऱ्यांच्या नेहमीच्या ये-जा करण्याकडे मात्र लक्ष हवं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर वहिवाट सांगता येते. ‘परवानगीने वापर’ असं आधीच लेखी ठेवलं, तर हा दावा टिकणं अवघड.

स्वस्त उपाय म्हणजे दोन खांबांमध्ये साखळी. तिला मधोमध चमकपट्टी हवीच, नाहीतर अंधारात दुचाकीवाला आपटेल. खांब स्वतःच्या हद्दीतच रोवावेत. फुटपाथवर दगड किंवा कुंड्या मांडल्या, तर ते घरमालकाचंच अतिक्रमण ठरतं. त्याहून चांगलं म्हणजे गल्लीच्या तोंडाशी ‘पुढे रस्ता बंद’ अशी पाटी लावण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करणं: चालक तिथूनच माघारी फिरतो.