वाचक मालक की मुंडकार?

२६ फेब्रुवारी २०२५ या दिवशी अ‍ॅमेझॉन कंपनीने आपल्या किंडल ग्राहकांची एक जुनी सोय बंद केली. विकत घेतलेले ई-पुस्तक कंपनीच्या दुकानातून स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावे, तेथे त्याची प्रत राखावी आणि हवे तेव्हा ते तारेने वाचनयंत्रात घालावे, अशी ती सोय होती. ती नित्य वापरणारे फार नसतील. पुस्तक वाचनयंत्रात उतरवून घेण्याची कंपनीची स्वतःची वाट मोकळीच राहिल्यामुळे पुष्कळांच्या लक्षातही हा बदल आला नसेल. तथापि ज्या थोड्या वाचकांनी वर्षानुवर्षे पैसे मोजून शेकडो पुस्तके जमवली होती, त्यांना या एका निर्णयाने आपली खरी पायरी दाखवून दिली. ज्या पुस्तकांना आपण आपली म्हणत होतो त्यांची प्रत आपल्या कपाटात ठेवावयाची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे कधीच नव्हता, हे त्यांना कळून चुकले.

गोव्याच्या वाचकास हा संबंध समजण्यास कठीण जाऊ नये. भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा मुंडकार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. घर त्याचे, चूल त्याची, तुळशीवृंदावनही त्याचे. पण पायाखालची जमीन दुसऱ्याची, आणि त्या दुसऱ्याची मर्जी फिरली की डोक्यावरचे छप्परही डळमळू लागे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि घराखालची जमीन विकत घेण्याची वाट मोकळी केली. ई-पुस्तकाचा वाचक हा नवा मुंडकार आहे. फरक इतकाच की जुन्या मुंडकाराला आपण मुंडकार आहोत हे ठाऊक होते. या नव्या मुंडकाराला मात्र दुकानाच्या दारात ‘विकत घ्या’ असे लिहून आत बोलावले जाते, आणि हे विकत घेणे नसून केवळ वाचण्याचा परवाना आहे, हे वाक्य करारपत्राच्या पोटात, सहसा कोणी पोहोचत नाही अशा जागी, ठेवलेले असते.

कागदी पुस्तकाच्या बाबतीत हा वाद शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. अमेरिकेतील एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीच्या आरंभीच्या पानावर अशी सूचना छापली होती की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकणे म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग होय. मेसी नावाच्या दुकानाने ते ८९ सेंटांना विकले. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली न्यायालयाने सांगितले की पुस्तक एकदा विकले की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची हुकमत चालणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हेच तत्त्व आहे. एकदा विकलेली प्रत ही प्रसारात आलेली प्रत समजावी, आणि अशा प्रतीच्या पुढील प्रवासावर ग्रंथकाराचा हक्क नाही, असे त्याचे चौदावे कलम मानते. म्हणूनच ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे पहिल्याच पानावर छापलेले पुस्तक आपण शेजाऱ्याला वाचावयास देतो, भाचीला बक्षीस देतो, रद्दीवाल्याच्या ढिगातून दहा रुपयांना उचलतो, आणि आजोबा गेल्यानंतर त्यांचा संग्रह गावच्या वाचनालयास देणगी म्हणून पोहोचवतो. आमच्या खेड्यापाड्यांतील किती मराठी वाचनालये अशा देणग्यांवर उभी राहिली! हे सर्व व्यवहार त्या एका तत्त्वाच्या आधारावर चालत आले आहेत. त्याचे नाव आपल्याला माहीत नव्हते, कारण त्याची उणीव कधी भासली नव्हती.

ती उणीव प्रथम ठळकपणे दिसली २००९ च्या जुलै महिन्यात. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या दोन कादंबऱ्यांच्या ९९ सेंट किमतीच्या ई-प्रती ज्या अमेरिकन ग्राहकांनी घेतल्या होत्या, त्यांना एके दिवशी आढळले की त्या आपल्या यंत्रातून नाहीशा झाल्या आहेत. पैसे परत आले होते. चौकशी होता उलगडा झाला की ज्या कंपनीने ती आवृत्ती दुकानात ठेवली होती तिच्यापाशी अमेरिकेपुरते हक्कच नव्हते. म्हणून अ‍ॅमेझॉनने आपल्या बाजूने बटण दाबून विकलेल्या प्रती परत घेतल्या. चोरीचा माल ठेवणाऱ्या दुकानदाराची बाजू न्यायाने विचारात घेतली तरी एक प्रश्न उरतोच. एखाद्या कागदी पुस्तकविक्रेत्याकडून अशी चूक झाली असती तर तो रात्री गिऱ्हाइकाच्या घरात शिरून कपाटातून पुस्तक उचलून, टेबलावर पैसे ठेवून निघून गेला असता काय? मिशिगनमधील एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपणे केली होती. टिपणे राहिली, पण ज्या मजकुराला ती चिकटलेली होती तोच गेल्यामुळे ती निरर्थक झाली. त्याने दावा लावला. कंपनीच्या प्रमुखांनी, जेफ बेझोस यांनी, आपले वर्तन मूर्खपणाचे होते असे सांगून जाहीर माफी मागितली, पुस्तके परत देऊ केली, आणि दाव्यात दीड लाख डॉलर देऊन तडजोड केली. ज्या कादंबरीत सरकारला नकोसे झालेले कागद भिंतीतल्या विवरात टाकून नष्ट केले जातात, नेमकी तीच कादंबरी या प्रसंगास निमित्त व्हावी, हा योग कोणा विनोदी लेखकालाही सुचला नसता.

मायक्रोसॉफ्टचा प्रकार याहून सभ्य आणि म्हणूनच अधिक बोधक होता. या कंपनीने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, आणि त्या जुलैपासून त्या दुकानातून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे पूर्ण परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांवर टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर वर मिळाले. कोणाचे आर्थिक नुकसान झाले नाही, कोणी कोणास फसवले नाही. पण पुस्तकाचे दुकान बंद पडले म्हणून आपल्या घरातील पुस्तके कोरी झाली, असे जगाच्या इतिहासात पूर्वी कधी घडले होते काय? येथे दुकानदाराने आपली पाटी उतरवली आणि त्याबरोबर गिऱ्हाइकांची ग्रंथालये उतरली. आपल्या समासांतील टिपणांची किंमत २५ डॉलर हा हिशेबही कंपनीनेच केला. वाचकाला कोणी विचारले नाही.

दुसरी बाजू नाही असे नाही, आणि ती दुबळीही नाही. ई-पुस्तकाची नक्कल क्षणात होते व मूळ प्रतीहून रेसभरही उणी नसते. कागदी पुस्तक दुसऱ्याला दिले की आपल्या हातून जाते. ई-पुस्तक दिल्यानंतरही आपल्यापाशी राहते. आज आठवडाभरापूर्वी प्रसिद्ध झालेल्या मराठी पुस्तकाची चोरटी प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर फिरते आणि ती पुढे पाठवणारे सद्गृहस्थ आपण सरस्वतीची सेवा करीत आहोत अशा समजुतीत असतात. हजार प्रतींची आवृत्ती खपवताना मेटाकुटीस येणाऱ्या प्रकाशकाने पुस्तकाला कुलूप मागितले तर त्याला दोष देता येत नाही. न्यायालयांनाही ही अडचण जाणवली आहे. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली वापरलेली संगणक-प्रणाली पुन्हा विकण्यास मुभा दिली. पण ई-पुस्तकांची वेळ आली तेव्हा, २०१९ च्या डिसेंबरात, तीच मुभा नाकारली. अमेरिकेतही २०१८ साली जुनी डिजिटल गाणी विकू पाहणाऱ्या कंपनीस अपील न्यायालयाने तसे करू दिले नाही. आमचा आक्षेप कुलुपाला नाही. कुलूप असलेली वस्तू कुलूप नसल्याच्या भाषेत विकण्याला आहे, आणि त्या कुलुपाची किल्ली सदासर्वकाळ विक्रेत्यापाशीच राहण्याला आहे.

किल्लीचा हा मुद्दा जरा तपासून पाहण्यासारखा आहे. आपल्या कायद्याने ग्रंथकाराच्या हक्कास मुदत घातली आहे: हयातभर आणि निधनानंतर साठ वर्षे. पूर्वी ती पन्नास होती; रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपण्याची वेळ आली तेव्हा १९९२ साली ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. ऑर्वेल आणि साने गुरुजी हे दोघेही १९५० साली निवर्तले. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून भारतापुरती दोघांचीही पुस्तके सर्वांची झाली. कोणीही ‘श्यामची आई’ छापावे, गावोगाव वाटावे. आपल्या बोरकरांची कविता १ जानेवारी २०४५ रोजी अशीच सर्वांची होईल. पण कंपनीने लावलेले कुलूप कॅलेंडर पाहत नाही. हक्काची मुदत संपली म्हणून ते त्या पहाटे आपोआप गळून पडेल अशी कोणतीही तरतूद त्या यंत्रात नाही, आणि तशी ठेवावी अशी सक्ती कायद्यात नाही.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने अशा कुलुपांना प्रथमच मान्यता दिली. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा ६५-अ या कलमात आहे. आपल्या संसदेने अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याहून येथे अधिक शहाणपण दाखवले, हे नमूद केले पाहिजे. कारण कायद्याने स्पष्टपणे मना केलेले नाही अशा कामासाठी कुलूप उघडण्यास हे कलम आड येत नाही. मात्र दुसऱ्याला असे कुलूप उघडण्यास जो साहाय्य करील त्याने त्या माणसाची संपूर्ण नोंद ठेवावी, असेही त्यात आहे. म्हणजे म्हातारपणी नजर मंदावलेल्या एखाद्या गृहस्थास आपले पुस्तक मोठ्या अक्षरांत दुसऱ्या यंत्रावर वाचता यावे म्हणून मदत करणाऱ्या शेजाऱ्याने आधी वही घालावी! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे व्यवसाय करणारा कुलूपवाला असावा. तसे त्यांनी लिहिले मात्र नाही.

पुस्तके टिकतात ती प्रती अनेकांच्या घरी असल्यामुळे, याचा अनुभव आमच्याइतका कोणास असेल? फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मराठीतील तो थोर ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे, आणि अशा पोथ्यांवरूनच साल्ढाणा यांनी तो १९०७ साली मंगळुरात पुन्हा छापला. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयास ज्यांचे नाव दिले आहे त्या कृष्णदास शामा यांची कृष्णचरित्रकथाही पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात जपली गेलेल्या हस्तलिखितातूनच पुन्हा आपल्यापुढे आली. छापणाऱ्याच्या परवानगीवाचून प्रत निघूच नये अशी व्यवस्था त्या काळी असती तर या दोन्ही ग्रंथांची केवळ नावे राहिली असती, कदाचित तीही नाही.

मग करावयाचे काय? कॅलिफोर्निया राज्याने याची एक सोपी सुरुवात करून दाखवली आहे. तेथे १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे की जी डिजिटल वस्तू परवाना म्हणून दिली जाते तिच्यापुढे, तसे ठळकपणे सांगितल्यावाचून, ‘विकत घ्या’ हे शब्द वापरता येणार नाहीत. आपल्याकडे यासाठी नवा कायदाही नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली आहे. २०२० चे ई-वाणिज्य नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत. ग्राहकास भुलवून बटण दाबावयास लावणाऱ्या तेरा प्रकारच्या युक्त्यांची यादी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मनात आणले तर ‘विकत घ्या’ या दोन शब्दांचा निकाल एका आदेशाने लागू शकेल. त्याच आदेशात दुसरीही अट असावी. दुकान बंद करणाऱ्या कंपनीने पैसे परत करून मोकळे न होता, ज्याला पैशांऐवजी पुस्तकच हवे आहे त्याला कुलूप काढून ते द्यावे. प्रकाशकांनी यास हरकत घेण्याचे कारण नाही, कारण त्यांची किंमत त्यांना कधीच मिळालेली आहे.

याच कायद्यातील एक अडचणही सरकारच्या नजरेस आणणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ग्राहकाला आपल्या राहत्या गावच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कही पडत नाही. परंतु करारच अन्यायकारक आहे अशी तक्रार असेल तर ती जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते, मग ते पुस्तक दोनशे रुपयांचे का असेना. ई-पुस्तकाच्या तक्रारीचे मूळ बहुधा करारातच असते. तेव्हा काणकोण किंवा पेडण्याच्या वाचकाने दोनशे रुपयांसाठी राज्य आयोगाची पायरी चढावी, अशी अपेक्षा या तरतुदीतून निर्माण होते. ही मर्यादा काढून अशा लहान रकमेच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे सोपवण्याची दुरुस्ती गोव्याच्या खासदारांनी संसदेत सुचवावी. तोपर्यंत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि ज्यांची पुस्तके अशी नाहीशी झाली आहेत त्यांनी खरेदीची पावती व करारपत्राची त्या दिवशीची प्रत जपून ठेवावी, कारण कंपन्या करारपत्रेही वरचेवर बदलत असतात.