द्राक्षातल्या मिठाचा माइक

‘जुना सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओचा बेस सेट मिळालाय, त्याला शोभेल असा टेबल माइक सांगा,’ असं कुणी म्हटलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. सेटमध्ये व्हॉल्व्ह आहेत की ट्रान्झिस्टर? आणि सेट ठेवणार कुठे, महाबळेश्वरात की मिरजेत? पहिल्या प्रश्नाचं कुणाला नवल वाटत नाही, दुसऱ्याचं वाटतं. माइकला हवापाण्याशी काय घेणं? पण टेबल माइकांच्या एका जातीला हवापाण्याशीच सगळं घेणं आहे, आणि नेमकी तीच जात जुने सेट जमवणाऱ्यांना सर्वांत जास्त हवी असते.

ती जात म्हणजे क्रिस्टल माइक. अमेरिकेतल्या अ‍ॅस्टॅटिक कंपनीचा डी-१०४ हा त्यातला सर्वांत गाजलेला. चकचकीत दांड्यावर गोल चकती, लहान मुलांच्या लॉलीपॉपसारखी. १९३३ पासून २००१ पर्यंत तो बनत होता. त्याच्या पोटात रोशेल मिठाच्या स्फटिकाचे पातळ काप असतात. हे मीठ म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमचं टार्टरेट. द्राक्षाची वाइन मुरताना पिंपाच्या आतून जो खडा धरतो त्यापासून ते करतात. चिंचेला आंबट करणारं आम्ल तेच. तासगावच्या द्राक्षबागांच्या जिल्ह्यात हे सांगताना मला फार आनंद होतो. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिलं की असा स्फटिक दाबला की त्यातून वीज निघते. बोलताना हवेच्या लहरी पडद्यावर आदळतात, पडदा स्फटिकाला वाकवतो आणि वीज तयार होते. ना बॅटरी, ना चुंबक.

‘जुन्या वस्तू दणकट असतात, हा माइक कुठेही चालेल’ हा समज इथेच कोसळतो. या मिठाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे चार रेणू बांधलेले असतात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर स्फटिक ओलावा शोषून विरघळू लागतो. ती ३० टक्क्यांच्या खाली गेली तर आतलं पाणी सोडून भुकटी होऊ लागतो. तापमान ५५ अंशांवर गेलं की तो कायमचा निकामी. आता कृष्णेच्या काठाने चला. ती उगम पावते त्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. तीच नदी सांगलीला पोचते तेव्हा एप्रिलच्या दुपारची हवा ओठ फुटतील इतकी कोरडी असते. या मिठाला दोन्ही टोकं सोसत नाहीत. कारखान्यात स्फटिकावर ओलावारोधक लेप देत, पण पन्नास-साठ वर्षांनी त्या लेपावर किती विसंबायचं?

यावर लोक जो उपाय करतात तो मला जास्त काळजीचा वाटतो. कॅमेऱ्याच्या लेन्ससारखा माइकही सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतात. बुरशी टळते, पण डब्यातली हवा इतकी सुकते की स्फटिकातलंच पाणी ओढलं जातं. वापर नसेल तेव्हा माइक राहत्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवावा. मे महिन्यात बंद गाडीत मात्र अर्धा तासही नको.

‘मीटर लावला, काटा हललाच नाही, म्हणजे माइक मेला’ हा निदानाचा घोटाळाही याच जातीचा. ओहममीटरला क्रिस्टल नेहमीच तुटलेल्या तारेसारखा दिसतो, कारण तो विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर आहे. डायनॅमिक माइकच्या तारेच्या गुंडाळीला मात्र मीटर रोध दाखवतो, शिवाय जोडताना टिक असा आवाज येतो. निव्वळ मीटरवरून क्रिस्टल फेकून देऊ नका.

क्रिस्टल कपॅसिटरसारखा असल्यामुळे पुढचाही एक गैरसमज समजून घेता येतो. ‘क्रिस्टल माइकचा आवाज पातळ आणि कर्कश असतो.’ असतो, पण केव्हा? त्याच्यापुढे एक-दोन मेगओहमचा इनपुट हवा, आणि तो व्हॉल्व्हच्या सेटांत सहज मिळतो. ट्रान्झिस्टरच्या सेटचा इनपुट बहुधा पाचशे-हजार ओहमच्या घरातला. तिथे क्रिस्टल थेट जोडला की आवाजातला खर्ज गळून जातो आणि उरते ती चिरचिर. म्हणूनच पुढे डी-१०४ च्या बैठकीत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आला.

आणि त्या बॅटरीनेच सर्वांत मोठा गैरसमज जन्माला घातला: ‘पॉवर माइक लावला की सेट लांब मारतो.’ अमेरिकी एएम सीबी सेटची वाहक लहर जास्तीत जास्त ४ वॉटची. कुठलाही माइक त्या ४ चे ५ करत नाही. त्या लहरीवर आवाज किती खोल उमटेल एवढंच माइक ठरवतो. शंभर टक्के मॉड्युलेशनला शिखर १६ वॉटवर जातं. बटण आणखी फिरवलं तर लहर मधेमधे तुटते, शब्द फाटतात आणि शेजारच्या चॅनेलवर खरखर सांडते. सांगलीतून बोललेलं साताऱ्यात पोचत नाही याला मधलं अंतर आणि डोंगर कारण आहेत. तिथे अँटेनाची उंची कामी येते. उलट सूर्यावरच्या घडामोडी वाढल्या की याच २७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनावरणावरून परतून हजारो किलोमीटरवर उतरतात. त्याच आठवड्यात कुणी नवा माइक लावलेला असतो आणि सगळं श्रेय माइकला जातं.

चार पिनांचा प्लग बसला म्हणजे जोडणी जुळली, असंही नाही. कोब्राच्या चार पिनी सेटांत १ भूतार, २ आवाज, ३ प्रक्षेपण आणि ४ ग्रहण असा क्रम असतो. दुसऱ्या कंपन्यांनी हाच प्लग वेगळ्या क्रमाने वापरला आहे. काही सेटांत स्पीकरचीही वाट माइकच्या बटणातून जाते. ती तार जोडली नाही तर सेट मुका होतो आणि माणूस सेट उघडून बसतो. आधी सर्किटचा नकाशा मिळवा, मग डाग द्या.

मांडवातला आहुजाचा किंवा स्टुडिओतला महागडा माइक लावण्याचा मोहही होतो. मांडवातला डायनॅमिक माइक बोलायचं बटण जोडून वापरता येतो. स्टुडिओच्या कंडेन्सरला जो वीजपुरवठा लागतो तो या सेटात नसतो, आणि ३०० ते ३००० हर्ट्झच्या बाहेरचं त्याने टिपलेलं सगळं सेट तसंही गाळून टाकतो.

कायद्याबद्दलही एक: सीबी म्हणजे हॅम (हौशी) रेडिओ नव्हे. हॅमसाठी परीक्षा, परवाना आणि कॉलसाइन लागतं. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा सीबी पट्टा ५ वॉटच्या मर्यादेत परवान्यातून मुक्त आहे, पण अटींसह. परदेशी बेस सेटवर प्रक्षेपणाचं बटण दाबण्याआधी त्या अटी वाचाव्यात.

महाबळेश्वर, पाचगणी, कोयनानगर या बाजूला मी डायनॅमिक किंवा सिरॅमिक माइकच सुचवतो. सिरॅमिकचा आवाज थोडा दबका, पण त्याला ओलीची भीती नाही. मिरज-तासगावकडे व्हॉल्व्हचा सेट असेल तर क्रिस्टल जरूर लावा, आणि उन्हाळ्यात तो खिडकीपासून दूर ठेवा. आतला स्फटिक आधीच गेलेला असेल तर डी-१०४ च्या त्याच चकतीत सिरॅमिकचा तुकडा बसवता येतो. जुना स्फटिक मात्र डबीत जपून ठेवा.