वझेबुवांच्या तबकड्या ऐकल्यात का?

रामकृष्णबुवा वझे (१८७१–१९४५) म्हटलं की 'रणदुंदुभी', 'संन्यस्त खड्ग' या नाटकांच्या चाली आठवतात, फार तर दीनानाथ मंगेशकरांचे गुरू म्हणून नाव निघतं. गवई म्हणून मात्र बुवा आपण जवळजवळ विसरलोच. खरं तर ते सावंतवाडीकडचे, ग्वाल्हेरला निस्सार हुसेन खाँसाहेबांकडे शिकलेले, आणि अनवट रागांचा त्यांचा साठा अफाट होता.

सुरुवात तिलककामोद रागाच्या तबकडीपासून करा. आवाज गोड नाही, थोडा जाडसर, घोगराच आहे. पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यामुळे आलापात रेंगाळणं नाही. मुखडा हातात आला की बुवा थेट लयीशी झोंबतात. तान जोरकस, दाणेदार, आणि समेवर येताना ठोसा मारल्यासारखी. मग खंबावती ऐका.

एक सूचना. खरखर पार पुसलेली प्रत घेऊ नका. तिच्यात आवाजाची धारही पुसली जाते, तंबोरा तर गायबच. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकड्या कधीकधी चुकीच्या वेगाने उतरवलेल्या असतात. स्वर चढा आणि तान अशक्य वेगवान वाटली, तर आधी तिथेच शंका घ्या. मला थोडी खरखर चालते, बुवा हवेत!