लेकरांचे खेळ : हिशेब रोबक्सचा

परतूरहून एका वाचकाचा फोन आला. मुलगा आठवीत आहे, रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमच्या प्लॅटफॉर्मवर गेम बनवतो आणि ‘यात पैसे मिळतात’ म्हणतो. करू द्यावं का?

गेम खुशाल करू द्या. पैशाचं गणित मात्र आधी मांडू.

खेळणारा पैसे मोजून रोबक्स, म्हणजे तिथलं आभासी चलन, घेतो आणि गेममध्ये उडवतो. गेमपासच्या, म्हणजे गेममधल्या खास सोयींच्या, विक्रीतले 70 टक्के गेम करणाऱ्याला मिळतात, तेही रोबक्समध्येच. ते डॉलरमध्ये वटवायला वय किमान 13 आणि गाठीला कमावलेले 30,000 रोबक्स लागतात. बरीच वर्षं दर होता रोबक्सला 0.0035 डॉलर, म्हणजे 30,000 चे 105 डॉलर. तेवढेच विकत घ्यायचे तर 10,000 च्या शंभर डॉलरवाल्या पॅकने 300 डॉलर. सप्टेंबर 2025 मध्ये वटवायचा दर 8.5 टक्क्यांनी वाढला, पण अंतर काही मिटलं नाही.

परतूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जालन्याला हा फरक नवा नाही. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. आज कंपनीसाठी बियाण्याचा प्लॉट घेणाऱ्याला माहीत असतं की कंपनी घेते तो भाव वेगळा आणि दुकानातल्या पुडीचा वेगळा. मधला खर्च कंपनीचाही असतो. रोब्लॉक्सलाही सर्व्हर सांभाळावे लागतात, ॲप स्टोअरचा वाटा द्यावा लागतो. पण प्लॉटवाला सज्ञान असतो आणि त्याचा भाव रुपयांत ठरतो.

रोब्लॉक्स स्टुडिओ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे तेव्हाचे प्रमुख स्टेफानो कोराझ्झा 2024 मध्ये एका मुलाखतीत म्हणाले, की इंडोनेशियातल्या झोपडपट्टीतलं पंधरा वर्षांचं पोरही फक्त लॅपटॉपच्या जोरावर कमावू शकतं. ‘फक्त’ लॅपटॉप! हा स्टुडिओ मोबाईलवर चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पोरांना मोबाईलवर रोबक्स उडवता येतात, कमावता येत नाहीत.

मला खरं खटकतं ते वेगळंच. चौदाच्या आतलं मूल सिनेमात काम करत असेल, तर 2017 च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे आणि कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे ठेवावा लागतो. रात्री अकरापर्यंत कोड लिहिणाऱ्या तेरा वर्षांच्या पोरासाठी असं काहीही नाही. असे नियम होईपर्यंत कुठल्याही प्लॅटफॉर्मने शाळकरी मुलांपुढे कमाईचं आमिष धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

परतूरच्या वडिलांनी तूर्त एवढंच बघावं: गेम वर दिसावा म्हणून पोरगं जाहिरातीला रोबक्स मागेल. ते घरच्या पैशाने घेऊन देऊ नयेत. मित्रांना खेळायला बोलवावं, तेवढं पुरे.