समेवाचून चालणारी लय : स्ट्राविन्स्कीचा ‘द राइट ऑफ स्प्रिंग’

इगोर स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराने १९११ ते १९१३ या काळात सर्गेई दियागिलेव्हच्या ‘बॅले रूस’ या नृत्यसंस्थेसाठी रचलेल्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेची चर्चा बहुधा पहिल्या प्रयोगातील गोंधळापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. २९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या तेआत्र दे शाँझेलिझे या नाट्यगृहात झालेला आरडाओरडा खरा होता. परंतु पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये पिएर माँतो या त्याच संचालकाने नृत्य वगळून केवळ वाद्यवृंदाकडून ही रचना सादर केली, तेव्हा त्याच शहरातील श्रोत्यांनी तिचे उत्साहाने स्वागत केले, आणि त्यावरून पहिल्या रात्रीच्या संतापाचा बराचसा रोख वास्लाव निजिन्स्कीच्या नृत्यरचनेवर असावा, असे मानायला जागा आहे. मूळ स्वरलिपीकडे वळल्यावर मात्र हे स्पष्ट होते की, या रचनेचे खरे नवेपण काळ मोजण्याच्या तिच्या पद्धतीत आहे, आणि स्वर, कॉर्ड व वाद्यांची निवड या सर्वांना स्ट्राविन्स्कीने त्या मोजणीच्या कामी लावले आहे.

कथानक अगदी साधे आहे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या रशियातील एक जमात पृथ्वीची आराधना करते, हा पहिला भाग. आणि निवडलेली तरुणी वसंतासाठी नाचत नाचत प्राण सोडते, हा दुसरा. या कथानकाच्या उभारणीत आणि नेपथ्यात चित्रकार निकोलाय रोरिकचा मोठा वाटा होता. पुढे कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक होऊन १९४७ मध्ये तिथेच निधन पावलेला रोरिक तो हाच.

आरंभी बासून हे खर्जाकडे झुकलेले सुषिरवाद्य एकटेच, आपल्या नेहमीच्या पट्टीच्या कितीतरी वर, ताणलेल्या आवाजात एक धून वाजवते. ही धून लिथुआनियन लोकगीतांच्या एका छापील संग्रहातून घेतलेली आहे. मोजक्या स्वरांत फिरणारी अशी छोटी धून घ्यायची, तिचा विस्तार न करता ती पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि प्रत्येक वेळी एखादा स्वर लांबवून किंवा गाळून तिचे वजन दुसरीकडे सरकवायचे, ही या संपूर्ण रचनेची रीत पहिल्याच ओळीत ठरून जाते.

प्रास्ताविकानंतर तरुणींच्या नृत्यात येणारा कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह, हे या रचनेचे सर्वांत अभ्यासलेले स्थळ आहे. खालची तंतुवाद्ये ई या स्वरावर उभारलेला कॉर्ड वाजवतात आणि वरची तंतुवाद्ये त्याच्या केवळ अर्ध्या स्वराने खाली असलेल्या ई-फ्लॅटवरचा. दोन्ही मिळून सात निरनिराळे स्वर एकदम ऐकू येतात. पाश्चात्त्य परंपरेत अशा तणावाची उकल पुढच्या कॉर्डमध्ये व्हावी अशी अपेक्षा असते. इथे तोच कॉर्ड जागचा न हलता सलग ३२ वेळा वाजतो, आणि वादकांना प्रत्येक आघातासाठी गज खालच्या दिशेनेच ओढण्याची सूचना असल्यामुळे व्हायोलिनसारखे गाणारे वाद्यही तालवाद्याचे काम करू लागते. कानाला धरून ठेवण्याची सारी जबाबदारी मग जोरकस ठोक्यांवर येते. आठ हॉर्नची साथ घेऊन येणारे हे ठोके १०, १२, १८, २१, २५ आणि ३० या मात्रांवर पडतात, म्हणजे ३२ मात्रांची विभागणी ९, २, ६, ३, ४, ५, ३ अशी होते. कागदावर चार-चार मात्रांचे आठ समान खंड आहेत, आणि कानावर मात्र कोणतेही माप टिकत नाही. पुढचा जोर कुठे येईल हे ओळखू पाहणाऱ्या श्रोत्याचा अंदाज दर वेळी चुकतो, आणि त्यातूनच या उताऱ्याची अंगावर येणारी ऊर्जा निर्माण होते.

दुसरे साधन थरांचे आहे. ऑस्टिनाटो म्हणजे न बदलता फिरत राहणारी छोटी स्वराकृती. ज्येष्ठ ऋषीच्या मिरवणुकीत ट्युबा या अवजड पितळी वाद्यांच्या संथ धुनेभोवती अशा अनेक आकृती आपापल्या लांबीची आवर्तने घेऊन एकावर एक रचल्या जातात, आणि दाटी असह्य झाली की सगळे एकाएकी तोडले जाते. सुमारे शंभर वादकांचा वृंद स्ट्राविन्स्कीने मागितला तो या थरांसाठी; प्रत्येक थराला स्वतःचा रंग मिळाल्याशिवाय ते वेगळे ऐकू आले नसते.

अखेरच्या बलिनृत्यात मोजणीची ही पद्धत टोकाला जाते. ठरलेल्या मापाचे भाग पाडण्याऐवजी इथे दोन आणि तीन सूक्ष्म मात्रांचे गट एकापुढे एक जोडले जातात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खंडाची लांबी बदलते. भारतीय तालातही असमान विभाग असतात, झपतालाचे २, ३, २, ३ सर्वांना ठाऊक आहेत. परंतु तिथे आवर्तन पूर्ण होऊन सम येते आणि गुंतागुंतीला विसावा मिळतो. बलिनृत्यात तशी सम नाही.

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँने या नृत्याचे जे विश्लेषण केले, त्यात लयीच्या आकृतींना त्याने रंगमंचावरील पात्रे मानले: एक वाढत जाते, दुसरे आक्रसते, तिसरे अविचल राहते. लयीकडे असे पाहणाऱ्या मेसियाँचा दुसरा मोठा आधार शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी ताल हा होता, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीला लिहिला गेला. स्ट्राविन्स्कीला हे ताल ठाऊक होते असे यातून मुळीच सिद्ध होत नाही; मात्र त्याची लय समजून घेण्याची एक समर्थ दृष्टी ज्याने घडवली, त्याच्या मेजावर देवगिरीची ही तालसूची होती, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी.

हे नृत्य लिहून काढणे स्वतः स्ट्राविन्स्कीलाही अवघड गेले. ते वाजवता येत होते, पण कागदावर कसे मांडावे हे सुरुवातीला उमगले नव्हते, असे त्याने पुढे सांगितले. १९४३ मध्ये त्याने या नृत्याची लिपी नव्याने केली आणि मूळच्या सोळांश मात्रेऐवजी अष्टमांश मात्रा एकक म्हणून धरली, ज्यायोगे संचालकाला व वादकांना खंड वाचणे सोपे जावे. आजही अनेक वाद्यवृंद हे नृत्य जुन्याच मांडणीतून वाजवतात.