इंग्रजी बोलताना शब्द अडला तर...

माझी भाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेखी इंग्रजीत तिला नेहमीच चांगले गुण मिळतात. गेल्या महिन्यात मात्र नोकरीच्या मुलाखतीहून ती उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली. म्हणाली, "मामू, प्रश्न समजला होता, उत्तरही येत होतं. पण वाक्य जुळवेपर्यंत गप्प बसले आणि साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला."

आपल्या अनेक घरांतील मुलामुलींची हीच अडचण आहे. व्याकरण पक्के असते, घात होतो तो त्या दोन-तीन सेकंदांच्या शांततेने. संभाषणात एवढा वेळ फार मोठा असतो. २००९ साली दहा भाषांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागतो, असे त्यात आढळले. म्हणूनच शांतता लांबली की समोरच्याला वाटते, हिला उत्तर येत नसावे.

घरी बोलताना ही पोकळी आपण सहज भरतो. मराठीत "म्हणजे", "काय म्हणतात त्याला", तर घरच्या बोलीत "मतलब", "वो क्या है ना". इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही हेच करतात. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अमेरिकी अभ्यासकांनी २००२ साली मांडले की, बोलणारा थोडेच थांबणार असेल तर "अऽ" म्हणतो आणि जास्त थांबणार असेल तर "अम्". म्हणजेच, "थांबा, माझे बोलणे संपलेले नाही," असा तो इशारा असतो. अधूनमधून असे थांबणे म्हणजे इंग्रजी कच्चे असणे नव्हे.

मात्र कोणता शब्द कुठे वापरायचा, हे कळायला हवे. उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नसेल तर सुरुवातीला "वेल" म्हणतात. आधीचे बोलणे सुधारायचे किंवा स्पष्ट करायचे असेल तर "आय मीन". "यू नो" आणि "लाइक" मैत्रिणींच्या गप्पांत शोभतात, मुलाखतीत वरचेवर आले तर खटकतात. तेथे "लेट मी थिंक" म्हणावे. त्यात अदबही राहते आणि विचाराला सवडही मिळते.

आपल्याकडे "अ‍ॅक्च्युअली" आणि "बेसिकली" प्रत्येक वाक्याच्या तोंडी असतात. ही सवय सोडलेली बरी. "तुम्हाला वाटते त्यापेक्षा खरी गोष्ट वेगळी आहे," अशी "अ‍ॅक्च्युअली"ची छटा असते. विनाकारण वापरल्यास आपण समोरच्याची चूक काढतो आहोत, असे वाटू शकते.

सराव घरीच करता येतो. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे एकाने प्रश्न विचारावेत, दुसऱ्याने उत्तरे द्यावीत. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकले की आपला कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो ते कळते. फक्त घरातल्यांनी हसू नये. मुलांची जीभ अडते ती बहुधा याच भीतीने.

भाचीची पुढची मुलाखत पंधरा दिवसांवर आली आहे. काल मी मुद्दाम अवघड प्रश्न विचारला. क्षणभर अडली, पण गप्प बसली नाही. "वेल, लेट मी थिंक," म्हणाली आणि मग शांतपणे पूर्ण उत्तर दिले.