क्लास, जर्नल, व्हिडिओ: ठाणे-कल्याण पट्ट्यातील प्रोग्रॅमिंगच्या शिक्षणाचा मागोवा

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या मध्यमवर्गीय घरांत प्रोग्रॅमिंग शिरले ते मुख्यतः खासगी क्लासमधून. एनआयआयटी १९८१ मध्ये आणि ॲप्टेक १९८६ मध्ये स्थापन झाली. नव्वदच्या दशकात अशा संस्थांच्या आणि त्यांच्या धर्तीवरील लहान क्लासच्या पाट्या स्टेशन परिसरात जागोजागी दिसू लागल्या. शिकवायचे ते बेसिक, कोबोल, डीबेस, फॉक्सप्रो आणि पुढे सी.

यंत्रे कमी, बॅच मोठी. त्यामुळे प्रोग्रॅम आधी वहीत उतरवून त्याचा ‘ड्राय रन’ करावा लागे, म्हणजे प्रत्येक ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये कोणती किंमत आहे, याचा तक्ता हाताने मांडायचा. फॉर लूपच्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला, तर सीचा कम्पायलर सहसा तक्रार करत नाही. दहा वेळा फिरायचा लूप रिकामाच फिरतो आणि खालची छपाईची ओळ एकदाच चालते. ही चूक पडद्याकडे टक लावून सापडत नाही, तक्त्यात चटकन सापडते. २००५ च्या सुमारास कल्याण-डोंबिवलीत तासन्‌तास भारनियमन असे, तेव्हाही हा अभ्यास अडत नव्हता. क्लासची फी जास्त होती आणि शिकवणाऱ्यांचा दर्जा एकसारखा नव्हता. तरी वही तपासणारा कुणीतरी समोर असे, ही त्या पद्धतीची मोठी जमेची बाजू.

कॉलेजातली वाट वेगळी होती. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत २०० गुणांचा कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल विषय आला. त्यात सी++ आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर. पुढे मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटी आणि इंजिनिअरिंगच्या जागा वाढल्या. अभ्यासक्रमाची मांडणी क्लासपेक्षा पक्की होती, पण प्रात्यक्षिक जर्नलपुरते उरले. आदल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेला प्रोग्रॅम बरोबरच असतो, त्यामुळे चुकायची संधीच मिळत नाही. बोरलँडचा १९८७ चा टर्बो सी लॅबमधून कितीतरी वर्षे हलला नाही. ‘कोनिओ’ हेडर आणि ‘गेटच’ यांवर वाढलेला विद्यार्थी लिनक्सवर बसला की पहिल्याच प्रोग्रॅमला अडत असे. सरावाची उणीव मात्र अनेकांनी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ घरी सोडवून भरून काढली.

एमकेसीएलचा (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. तो संगणक वापरायला शिकवतो, प्रोग्रॅमिंग नव्हे; पालकांची मात्र यात बरेचदा गल्लत होते.

त्यानंतर शिकवणारा पडद्यावर आला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले. पाठ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे आणि मग पुढे जायचे, ही त्यांची रीत. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि लोकलच्या प्रवासातही व्हिडिओ पाहणे सोपे झाले. खर्च जवळजवळ शून्य, विषयांची रेलचेल. पण बहुतेक व्हिडिओंत चुका आधीच कापून टाकलेल्या असतात. पाहताना सगळे समजते आणि रिकाम्या पडद्यासमोर बसल्यावर हात चालत नाही, हा अनुभव याच पद्धतीतला.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता चूक दाखवणारा चोवीस तास हजर आहे आणि तो ती दुरुस्तही करून देतो. ज्याला तक्ता मांडता येतो, त्याला ही मदत क्लासच्या सरांइतकी किंवा त्याहून अधिक उपयोगी पडते. ज्याला दिलेले उत्तर तपासता येत नाही, त्याच्यासाठी ते फक्त नवे, जरा हुशार जर्नल आहे. विद्यापीठाच्या लेखी पेपरात प्रोग्रॅम अजून पेनानेच लिहावा लागतो.